सोलर की विंड ते नंतर बघ, आधी वीज शीक

प्रिय,

तुझा मेसेज मिळाला. सोलरचा कोर्स करू की विंडचा की सरळ बॅटरीवाल्यांकडे जाऊ, स्कोप कशात जास्त आहे असं विचारलं आहेस. उत्तराला उशीर झाला कारण हे दोन ओळीत उरकण्यासारखं नाहीये. सोलर, विंड, बॅटरी ही साईटच्या गेटवरच्या पाटीवरची नावं झाली, गेटच्या आत गेलीस की सगळीकडे केबल, ब्रेकर, ट्रान्सफॉर्मर, रिले, अर्थिंग, पंप, बेअरिंग, नटबोल्ट हेच असतं, आणि ज्याला हे नीट हाताळता येतं त्याला पाटी बदलली तरी काम मिळतं. ज्याला फक्त पॅनल उचलून स्ट्रक्चरवर ठेवता येतो आणि क्लॅम्प आवळता येतो त्याचं काम प्लांट उभा राहिला की संपलं, मग पुढची साईट मिळेपर्यंत घरी बसायचं. पॅनलची वॉरंटी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसी विजेचा एसी करणारं यंत्र) त्या काळात एकदा तरी बदलावा लागतो, म्हणजे बघ, उभारणी काही महिन्यांची आणि सांभाळणं पंचवीस वर्षांचं. तू सांभाळणाऱ्यांच्यात जा असं माझं ठाम मत आहे.

आता वीज शीक म्हणजे काय ते सांगतो, कारण तुझा डिप्लोमा झालाय, तुला वाटेल हे तर येतंच की मला.

सोलरचंच घे. इतर कुठल्याही विजेच्या कामात आपण आधी मेन स्विच बंद करतो आणि मग हात घालतो. पॅनलला स्विचच नाही. उजेड आहे तोवर त्याच्या दोन टोकांत व्होल्टेज असणारच, तू इन्व्हर्टर बंद कर, डीसी आयसोलेटर (डीसीची बाजू तोडणारा स्विच) पाड, तरी पॅनलपासून आयसोलेटरपर्यंतची केबल जिवंतच राहते. एकटा पॅनल ४०-५० व्होल्टचा, त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण असे वीस-पंचवीस सिरीजमध्ये जोडले की ती माळ, म्हणजे स्ट्रिंग, हजार व्होल्टच्या घरात जाते, मोठ्या प्लांटवर तर १५०० व्होल्ट डीसीच्या सिस्टीम आता सर्रास असतात. आणि डीसीचा स्वभाव वेगळा आहे. ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो त्यामुळे ठिणगी पडली तरी तिला विझायला जागा मिळते, डीसीत तो शून्य येतच नाही, लोड चालू असताना कनेक्टर ओढलास तर आर्क, म्हणजे हवेतून चालूच राहणारी ठिणगी, लागतो आणि अंतर वाढलं तरी तो तसाच ताणला जातो, प्लास्टिक वितळतं, हात भाजतात. म्हणून आधी लोड तोडायचा, करंट शून्य झालाय हे क्लॅम्प मीटरने बघायचं, मगच कनेक्टरला हात. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा, साधा फक्त एसीवाला तिथे शून्यच दाखवणार आणि तू फसणार.

आणि ऊन वाढलं की व्होल्टेज वाढतं असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, पण पॅनल तापला की व्होल्टेज उतरतं, दर डिग्रीला साधारण ०.३ टक्के. सगळ्यात जास्त व्होल्टेज मिळतं ते कडाक्याच्या थंडीतल्या स्वच्छ सकाळी. स्ट्रिंगमध्ये किती पॅनल बसवायचे ते त्या सकाळच्या हिशोबाने ठरतं. उन्हाळ्यात कुणी 'एक जास्त जोडला तर काय होतंय' म्हणून एक पॅनल वाढवला तर तेव्हा काहीच होत नाही, इन्व्हर्टर जातो हिवाळ्यात, आणि तोपर्यंत जोडणारा दुसऱ्या साईटवर गेलेला असतो. हे गणित तुला कागदावर करता आलं पाहिजे, ॲपमध्ये नाही, कागदावर.

हाताचं कौशल्य म्हणजे काय याचं एक उदाहरण, केबलला लग मारणं, म्हणजे तिच्या टोकाला बोल्टसाठी भोक असलेला धातूचा तुकडा दाबून बसवणं. दिसायला दोन मिनिटांचं काम. पण इन्सुलेशन किती सोलायचं ते लगच्या बॅरलला लावून बघायचं, सोलताना आतली एकही तार तुटता कामा नये, सगळ्या तारा आत गेल्या पाहिजेत, बाहेर राहिलेल्या चार तारा कापून टाकणारे लोक असतात त्यांच्याकडून हे शिकू नकोस. कॉपरच्या केबलला कॉपरचा लग, ॲल्युमिनियमच्या केबलला ॲल्युमिनियमचा नाहीतर बायमेटलिक (दोन्ही धातूंचा), साईजप्रमाणे बरोबर डाय, दाबून झाल्यावर ओढून बघायचं, मग टॉर्क रेंच लावून कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळायचं आणि बोल्टवर मार्करने रेघ मारायची, म्हणजे पुढच्या वेळी रेघ सरकलेली दिसली तर बोल्ट ढिला झालाय हे लांबूनच कळतं. अंदाजाने पान्यावर जोर देऊन आवळलेला बोल्ट कधी ढिला असतो कधी आटे खाल्लेला. ढिल्या जोडाला रेझिस्टन्स, रेझिस्टन्सला उष्णता, उष्णतेने जोड अजून ढिला, असं ते चक्र चालतं आणि एक दिवस बॉक्स पेटतो. कनेक्टरचंही तसंच, दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खटकन बसतात म्हणून जोडून टाकतात लोक, आतलं मेटल आणि माप जुळत नाही, मग तिथेच गरम होतं. सोलरच्या आगींमध्ये हे कारण वारंवार सापडतं. जोड हा जोड असतो गं, त्याला सोलर की विंड ते कळत नाही.

आता जे सांगतो ते दोनदा वाच. लाईन बंद आहे असं कुणी सांगितलं म्हणून ती बंद नसते. टेस्टर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा की तो दाखवतोय का, मग ज्यावर काम करायचं तिथे लावायचा, मग परत चालू सप्लायवर, कारण मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर मेलेला टेस्टर आणि मेलेली लाईन सारखीच दिसते. त्याआधी तुझं स्वतःचं कुलूप ब्रेकरला, किल्ली तुझ्या खिशात, सुपरवायझरच्या नाही, मित्राच्या नाही. मग अर्थिंग, आणि ते काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. दोन्ही बाजूंना का, तर पूर्वी वीज एकाच दिशेने यायची, सबस्टेशनकडून घराकडे, आता प्रत्येक छपरावर एक छोटं पॉवर स्टेशन आहे. इन्व्हर्टरमध्ये ग्रिड, म्हणजे बाहेरचं वीजजाळं, गेली की स्वतः बंद व्हायची सोय असते हे खरं, पण कुणीतरी चुकीचा जोडलेला जनरेटर किंवा बॅकअप असतोच, आणि घराच्या बाजूने आलेलं साधं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरमधून उलटं गेलं की वरच्या लाईनवर हजारो व्होल्ट होऊन उभं राहतं, जिथे खांबावर तू असशील. याच्यात घाई करायला लावणारा माणूस कितीही मोठा असो, नाही म्हणायचं. परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, सही तुझी असते.

मीटर घेताना स्वस्तातला घेऊ नकोस, त्यावर कॅट थ्री, कॅट फोर असं सुरक्षेचं रेटिंग आणि व्होल्टेज लिहिलेलं असतं, १५०० व्होल्टच्या प्लांटवर हजार व्होल्टचा मीटर लावायचा नाही, एवढं लक्षात ठेव, बाकी हळूहळू कळेल.

विंडचं आकर्षण मला समजतं, उंचावरून दिसतं छान. पण तिथलं बरंचसं काम मेकॅनिकल आहे, गिअरबॉक्सचं तेल, ग्रीस, हायड्रॉलिक, टॉवरचे आणि ब्लेडचे बोल्ट ठराविक ताणाला आहेत का ते बघणं, आणि रोजचं चढणं-उतरणं. ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग बऱ्याच कंपन्या मागतात, फर्स्ट एड, आग, उंचीवरचं काम, वजन उचलणं, समुद्रातल्या टर्बाईनसाठी समुद्रात जीव वाचवणं, आणि ते एकदा करून संपत नाही, दोन वर्षांनी परत रिफ्रेशर. त्यातलं रेस्क्यूचं ट्रेनिंग मनापासून कर. हार्नेसमध्ये, म्हणजे उंचीवर अंगाला बांधायच्या पट्ट्यांत, बेशुद्ध लटकलेला माणूस फार वेळ तसाच राहिला तर तेवढ्यावर जीव जाऊ शकतो, त्याला खाली आणायला बाहेरून कुणी येईपर्यंत थांबता येत नाही, सोबतच्यानेच आणायचा असतो.

बॅटरीचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळंच लिहावं लागेल. बॅटरी कधीच 'बंद' नसते हे पॅनलसारखंच, पण तिच्यात अजून एक गोष्ट आहे, आतला सेल बिघडून तापत गेला की पेट घेणारा गॅस सोडतो. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या सरप्राईज नावाच्या गावात एका बॅटरी स्टोरेजमधून धूर येत होता, बऱ्याच वेळाने फायरवाल्यांनी दार उघडलं आणि आत साठलेल्या गॅसचा स्फोट झाला, चौघं गंभीर जखमी झाले. ते लोक शूर होते, प्रशिक्षित होते, पण या दाराच्या मागे नेमकं काय साठलंय आणि ते कसं हाताळायचं हे त्यांना सांगणारी तयारीच झालेली नव्हती. तू बॅटरीच्या साईटवर गेलीस तर पहिल्या आठवड्यात विचार, इथे इमर्जन्सी प्लॅन कुठाय आणि इथल्या फायर ब्रिगेडने तो बघितलाय का.

आता ग्रिड. हा भाग कोर्सवाले फार पटकन उरकतात आणि माझ्या मते खरं करिअर इथेच आहे. ९ ऑगस्ट २०१९ ला इंग्लंडमध्ये एका ट्रान्समिशन लाईनवर वीज कोसळली, अशी रोज कुठेतरी कोसळते, लाईन सेकंदांत परत चालू झाली. पण तेवढ्या झटक्याने समुद्रातल्या एका मोठ्या विंड फार्मचं उत्पादन गेलं कारण त्याच्या कंट्रोलच्या सेटिंगमध्ये दोष होता, एक गॅसचं स्टेशनही ट्रिप झालं, वर छोटे-छोटे सोलरसारखे बरेच सोर्स आपल्या प्रोटेक्शनमुळे आपोआप सुटले. फ्रिक्वेन्सी ५० वरून ४८.८ हर्ट्झवर आली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज तोडावी लागली. ती पाऊण तासात आली, पण काही रेल्वेगाड्या तंत्रज्ञ जाऊन रीसेट करेपर्यंत हलल्याच नाहीत, लोक कितीतरी तास अडकले. यात पंखा तुटला नाही, केबल जळली नाही. सेटिंग. म्हणून रिले प्रोटेक्शन (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारी यंत्रणा) आणि कमिशनिंग (नवी यंत्रणा तपासून चालू करणं) शिकलेला माणूस जिथे जाईल तिथे लागतो, इन्व्हर्टर जितके वाढतील तितका जास्तच. तीन-चार वर्षं हाताने काम केल्यावर तू तिकडे वळावंस असं मला फार वाटतं.

जुन्या लोकांना धरून राहा. कोळशाच्या स्टेशनमधून आलेला माणूस सोलरवर आला की पोरं त्याला जुनाट समजतात, पण स्विचयार्ड त्याने आयुष्यभर चालवलेलं असतं. बंद झालेल्या काही स्टेशनांचे जनरेटर तर आता सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून फिरवतात, वीज बनवायला नाही, ग्रिडला जडत्व आणि व्होल्टेजचा आधार द्यायला, आणि ते फिरवायला तीच माणसं लागतात. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये सायबर हल्लेखोरांनी वीज कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून ब्रेकर उघडले, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परत आली कारण माणसं सबस्टेशनला गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने टाकले. तुझ्या साईटवर प्रत्येक ब्रेकर हाताने कसा चालवायचा हे स्क्रीन बघायच्या आधी शीक.

आणि ग्रीन म्हणजे फक्त वीज बनवणं नाही हं. पाणीपुरवठ्यात पंपांवर प्रचंड वीज जाते. सेंट्रीफ्यूगल पंपाचा स्पीड २० टक्के कमी केलास आणि पाणी फार उंच चढवायचं नसेल तर लागणारी पॉवर जवळजवळ निम्म्यावर येते. व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) नीट सेट करणारा टेक्निशियन एका पंपहाऊसमध्ये जे वाचवतो ते एखाद्या छोट्या सोलर प्लांटपेक्षा कमी नसतं, पण त्याचा फोटो कुणी काढत नाही. पाण्याच्या खात्यात जागा निघाली तर नाक मुरडू नकोस.

कोर्स घेण्याआधी तिथे प्रत्यक्ष जा. प्रॅक्टिसचं छप्पर आहे का, खरा ब्रेकर उघडायला देतात का की फक्त स्लाईड, मुद्दाम बिघाड घालून शोधायला लावतात का, शिकवणारा स्वतः साईटवर राहिलेला आहे का. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सर्टिफिकेटवरचा सोनेरी शिक्का बघून पैसे भरू नकोस. नोकरीच्या इंटरव्ह्यूलाही तू विचार, परमिट कोण देतं, हार्नेस आणि ग्लोव्हज कंपनी देते का, ग्लोव्हज टेस्ट कधी झाले, रिफ्रेशरचा खर्च कोणाचा, शिफ्टला एकटीला ठेवतात का. उत्तर देताना जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नकोस.

आत्ता लगेच करण्यासारखं एक काम देतो. तू जिथे ट्रेनिंगला जातेस तिथल्या पॅनल रूममध्ये सिंगल लाईन डायग्राम (सगळ्या वीजजोडणीचा साधा नकाशा) भिंतीवर लावलेला असेल. वही घेऊन जा, इनकमरपासून (बाहेरून वीज आत येते तो ब्रेकर) शेवटच्या मोटरपर्यंत प्रत्येक ब्रेकर स्वतः शोध, डायग्राममध्ये एक आणि प्रत्यक्षात वेगळं असं कुठे आहे ते लिही, आणि असं कुठेतरी असतंच. हात कशालाही लावायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. झालं की वहीच्या पानांचे फोटो पाठव, रविवारी संध्याकाळी मी फोनवर आहे, तेव्हा एकेक ब्रेकर घेऊन तो ट्रिप झाला तर पुढे काय-काय बंद पडेल ते तू मला सांगायचं.

तुझा,
काका