वाचकांचे प्रश्न : प्रेअरीची आणि पर्वतांची रानफुले अंगणात लावताना

अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या कॅनडाच्या तीन प्रांतांतील वाचकांच्या पत्रांत या खेपेस एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : माळावर आणि डोंगरावर कोणी न लावता उगवणारी फुले अंगणात लावली की रुसतात. त्यांपैकी सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह येथे दिली आहेत.

प्रश्न : मागील मे महिन्यात मी प्रेअरी क्रोकस, लायट्रिस, पेनस्टेमन आणि जांभळी प्रेअरी क्लोव्हर यांचे बी वाफ्यात पेरले आणि नियमाने पाणी दिले. ऑगस्ट उलटला तरी चार-दोन रोपांपलीकडे काही उगवले नाही. बी जुने होते की माझे काही चुकले?
– एक वाचक, कॅल्गरी

उत्तर : बी बहुधा चांगलेच होते, पेरणीचा महिना चुकला. यांपैकी बहुतेक झाडांचे बी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिकून जमिनीवर पडते, आणि ते जर सप्टेंबरच्या पहिल्या पावसाबरोबर उगवले तर दोन पानांचे ते कोवळे रोप ऑक्टोबरच्या हिमतुषारात जळून जाईल. म्हणून अशा बियांमध्ये सुप्तावस्था असते, आणि ओलाव्यात अनेक आठवडे थंडी सोसल्याखेरीज ती मोडत नाही. येथे ओलावा आणि थंडी या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. बियांचे पाकीट कोरडेच फ्रीजमध्ये ठेवून दिल्यास बी टिकते खरे, पण त्याची सुप्तावस्था जशीच्या तशी राहते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये, जमीन इतकी गार झाल्यावर की आता काही उगवण्याची भीती नाही, बी थेट वाफ्यात पेरावे आणि पुढचे काम हिवाळ्यावर सोडावे. बी थोडे असेल तर दुधाचा चार लिटरचा अर्धपारदर्शक प्लास्टिकचा कॅन मधोमध आडवा कापून, तळाला भोके पाडून, त्यात चार बोटे माती भरून बी पेरावे, वरचा भाग पुन्हा चिकटपट्टीने बसवावा, झाकण काढून टाकावे आणि कॅन जानेवारीत बाहेर बर्फात ठेवून द्यावा. पक्षी आणि उंदीर यांपासून बी सुरक्षित राहते आणि रोपे आपल्याच हवामानात वाढल्यामुळे नंतर त्यांना वेगळे कणखर करावे लागत नाही. तिसरा मार्ग फ्रीजचा : बी ओलसर वाळूत कालवून पिशवीत घालावे आणि १ ते ५ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे. वाळू मुठीत दाबली असता पाणी ठिबकता कामा नये आणि पिशवी फ्रीजरमध्ये जाता कामा नये. लायट्रिसला आणि पेनस्टेमनला असे सुमारे साठ दिवस द्यावेत. पेनस्टेमनचे बी बारीक असते व त्याला उजेड लागतो, तेव्हा ते मातीत न पुरता नुसते दाबून बसवावे.

प्रेअरी क्लोव्हर शेंगवर्गीय आहे आणि तिच्या बियांचे कवच टणक असते. दोन सँडपेपरच्या मध्ये बी हलके घासून घ्यावे आणि या जातीला चालणारे रायझोबियमचे जिवाणू संवर्धक मिळाले तर त्याची बीजप्रक्रिया करावी. हरभऱ्याला किंवा सोयाबीनला चोळतात तसेच हे काम आहे, मात्र संवर्धक प्रेअरी क्लोव्हरचेच हवे.

प्रेअरी क्रोकसची गोष्ट निराळी आहे. नावात क्रोकस असले तरी केशराच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. तो मोरवेलीच्या कुळातला आहे, आणि मॅनिटोबाने १९०६ साली त्याला आपले प्रांतपुष्प केले. त्याच्या बियाला पिसासारखी लांब शेपटी असते, जी हवेतील ओलाव्याप्रमाणे पिळते आणि उलगडते, आणि त्या हालचालीने बी स्वतःला मातीत ढकलत नेते. साठवण या बियाला मानवत नाही. जूनमध्ये पिकून शेपट्या सुटू लागताच ते पेरले तर काही आठवड्यांत थंडीवाचूनही उगवते, पण तेच वर्षभर पाकिटात राहिले की उगवण्याचे प्रमाण पार घसरते. ज्यांच्या अंगणात हे झाड आहे अशा कोणाकडून ताजे बी मागून घ्या. फूल यायला तीन वर्षे धरून चाला, आणि एकदा लावलेले रोप हलवू नका, कारण त्याचे मूळ खोल जाते व तुटल्यास झाड सावरत नाही. झाडाचा रस कातडीला चुरचुरतो आणि ते सर्वांगाने विषारी आहे, हे घरात लहान मुले असतील तर ध्यानात असावे.

प्रश्न : ‘रानफुले’ असे छापलेले एक पाकीट मी परसात उधळले. पहिल्याच वर्षी बहर आला, पण शेजारच्या बाईंनी सांगितले की त्यातली निम्मी झाडे तण आहेत आणि एक तर बेकायदेशीर आहे. असे कसे होऊ शकते?
– एक वाचक, एडमंटन

उत्तर : दुर्दैवाने बाईंचे म्हणणे खरे असण्याचा संभव मोठा आहे. पाकिटावरचा ‘रानफूल’ हा शब्द ते फूल कोणत्या रानातले, हे सांगत नाही. पहिल्याच वर्षी बहर यावा म्हणून अशा मिश्रणांत युरोप-आशियातील झटपट वाढणाऱ्या जाती घातलेल्या असतात. त्यांतील ऑक्सआय डेझी, डेम्स रॉकेट आणि बेबीज ब्रेथ ही तिन्ही अल्बर्टाच्या तणनियंत्रण कायद्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहेत, आणि उपद्रवी तण आटोक्यात ठेवणे ही जमीनमालकाची जबाबदारी आहे. त्याहून कडक यादीतील झाडे तर नष्टच करावी लागतात. त्या यादीत आपल्या ओळखीचे एक नाव आहे : हिमालयन बाल्सम, म्हणजे तेरड्याचा हिमालयातील भाऊबंद. शेंगेला हात लावताच बी उडवण्याची तेरड्याची जी गंमत आपण लहानपणी केली, तीच येथे ओढ्याकाठच्या मूळ वनस्पतींच्या मुळावर आली आहे.

एक गफलत विशेष करून टाळावी. हेअरबेल हे येथले मूळचे, नाजूक, निळ्या घंटांचे झाड. आणि क्रीपिंग बेलफ्लॉवर हे तसल्याच निळ्या-जांभळ्या घंटांचे परके, अतिशय चिवट तण. हेअरबेलची दांडी दोऱ्यासारखी बारीक, वरची पाने गवतासारखी अरुंद आणि उंची फार तर हाताएवढी असते. क्रीपिंग बेलफ्लॉवर मीटरभर वाढते, त्याची खालची पाने बदामाच्या आकाराची व दातेरी असतात आणि घंटा दांडीच्या एकाच बाजूला ओळीने लोंबतात. खणून पाहिल्यास खाली पांढरी, जाड, गाजरासारखी मुळे सापडतात, आणि त्यांचा तुकडा जरी राहिला तरी पुन्हा फुटतो. ते आढळल्यास पुढची तीन-चार वर्षे खणत राहण्याची तयारी ठेवा.

यापुढे पाकीट घेताना त्यावर प्रत्येक जातीचे शास्त्रीय नाव छापलेले आहे की नाही ते पाहा. जे विक्रेते नावे छापत नाहीत, त्यांचे बी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बान्फ राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर पाहिलेल्या मॉस कॅम्पियन या जमिनीलगत गादीसारख्या पसरणाऱ्या झाडाच्या गुलाबी गाद्या मनात भरल्या. तेथून एखादे रोप आणणे योग्य होईल का? रोपवाटिकेतून आणलेले रोप तर पहिल्याच हिवाळ्यात गेले, आणि मी त्याला पाचोळ्याने चांगले गुंडाळलेही होते. डोंगरावरची थंडी सोसणारे झाड आमच्या अंगणात थंडीने कसे मरते?
– एक वाचक, कॅल्गरी

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर : नाही. राष्ट्रीय उद्यानातून रोप, फूल, दगड यांपैकी काहीही उचलणे कायद्याने गुन्हा आहे. शिवाय मॉस कॅम्पियनचे सोटमूळ इतके खोल असते की उपटलेले झाड घरी येईपर्यंत मेलेलेच असते.

दुसऱ्या प्रश्नातच घोटाळा आहे. तुमचे झाड थंडीने गेले असे मला वाटत नाही. ते ओलीने आणि उबेने गेले. उंच डोंगरावर ऑक्टोबरात पडलेला बर्फ जूनपर्यंत हलत नाही, त्यामुळे त्याखालचे झाड सात-आठ महिने एकाच तापमानात, कोरडे आणि निजलेले राहते. कॅल्गरीत मात्र जानेवारीत चिनूक हा उबदार कोरडा वारा सुटतो, काही तासांत तापमान वीस अंशांनी चढते, बर्फ वितळून त्याचे पाणी झाडाच्या गळ्याशी, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात तेथे, साचते, आणि दोन दिवसांनी तेच पाणी गोठते. असे हिवाळ्यात अनेकदा होते. माती फुगून झाड वर उचलले जाते, मुळे तुटतात, आणि ओल्या पाचोळ्याखाली दाबलेली गादी कुजते. पाचोळ्याचे पांघरूण घालून आपण त्या कुजण्याला हातभारच लावतो.

यावर उपाय दोन आहेत. पहिला निचऱ्याचा : चिकणमातीच्या सपाट वाफ्याऐवजी निदान एक फूट उंच वाफा करावा, त्यात भरड वाळू आणि बारीक खडी यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक ठेवावे, शेणखत किंवा कंपोस्ट जवळजवळ नसावेच, आणि झाडाच्या गळ्याभोवती दोन बोटे जाडीचा खडीचा थर द्यावा. खडीमुळे गळा कोरडा राहतो. दुसरा उपाय हिवाळ्याचा : जमीन पुरती गोठल्यावर, त्याआधी नव्हे, वाफ्यावर स्प्रूसच्या फांद्या अंथराव्यात, नाताळचे झाड उतरवल्यावर त्याच्या फांद्या या कामी उत्तम येतात. फांद्यांतून हवा खेळते, बर्फ अडून राहतो आणि ऊन थेट जमिनीला लागत नाही. झाडाला थंडी वाजू नये हा त्यामागचा हेतू नसून जमीन गोठलेली ती गोठलेलीच राहावी, हा आहे. एप्रिलमध्ये फांद्या काढून घ्याव्यात.

इतके करूनही मॉस कॅम्पियन सपाटीवर फुलायला कंजूषपणा करते, हे आधीच सांगून ठेवतो. गादीसारखे झाड हवेच असेल तर मॉस फ्लॉक्स, म्हणजे फ्लॉक्स हूडाय, लावून पाहा. ते प्रेअरीच्या कोरड्या टेकड्यांवरचे असल्यामुळे तुमच्या अंगणातील उन्हाळा आणि चिनूक दोन्ही त्याच्या परिचयाचे आहेत. आकाशी निळ्या फुलांचे पेनस्टेमन निटिडस त्याच्या जोडीला शोभते.

प्रश्न : ब्लँकेट फ्लॉवर आणि वाइल्ड बर्गमॉट यांना मी भरपूर खत दिले. झाडे कमरेपर्यंत वाढली आणि जुलैच्या वादळात आडवी झाली. बर्गमॉटवर पांढरी भुकटीही आली. आणखी कोणते खत द्यावे?
– एक वाचक, सस्काटून

उत्तर : कोणतेच नाही. आपल्याकडे हारांत ओवतात तो गलांडा आणि हे ब्लँकेट फ्लॉवर, म्हणजे गॅलार्डिया ॲरिस्टाटा, एकाच घराण्यातले आहेत; पण गलांड्याच्या शेतीला खत लागते म्हणून त्याच्या माळरानावरच्या नातलगालाही ते लागेल असे नाही. प्रेअरीत ही झाडे गवताच्या दाटीत, मोजक्या पावसावर वाढतात. मुळे खोल पाठवणे आणि वर बेताने वाढणे हा त्यांचा शिरस्ता असतो. खत आणि रोजचे पाणी मिळाले की खोड लुसलुशीत होते आणि वाऱ्यापुढे टिकत नाही. पहिल्या वर्षी मुळे धरेपर्यंत पाणी द्या, दुसऱ्या वर्षापासून फक्त दीर्घ अवर्षणात द्या. मध्ये ब्लू ग्रामा किंवा जून ग्रास यांसारखे मूळचे गवत लावले तर झाडांना आधार मिळतो आणि तणाला जागा उरत नाही.

बर्गमॉटवरची भुकटी म्हणजे भुरी. झुडपे दाट झाली आणि हवा खेळेनाशी झाली की ती येते. झाड तिने सहसा मरत नाही. वसंतात गड्डा विभागून झाडांत हातभर अंतर ठेवा.

पत्रात आपण न विचारलेली एक गोष्ट सांगतो. शरद ऋतूत वाळलेल्या दांड्या कापू नका. बियांवर पक्षी येतात, दांड्या बर्फ अडवतात, आणि एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्या पोकळ दांड्यांत घर करतात. वसंतात कापताना फूटभर खुंट राखावेत. शेजारी नावे ठेवतील, ठेवू द्यावीत.

प्रश्न : शूटिंग स्टारचे रोप मे महिन्यात सुंदर फुलले आणि जुलैत समूळ नाहीसे झाले. रोग पडला असेल का?
– एक वाचक, विनिपेग

उत्तर : रोग नाही. बी धरल्यावर हे झाड भर उन्हाळ्यात पाने टाकून जमिनीखाली झोपते आणि पुढच्या वसंतात पुन्हा वर येते. मीही एकदा मेले समजून त्या जागी दुसरे रोप लावायला खणले आणि खरोखरच त्याला मारले. जागेवर खूण म्हणून एक काठी रोवून ठेवा.

प्रश्न : रानातली लाल लिली आणि इंडियन पेंटब्रश हे दोन्ही मला एकाच वाफ्यात हवे आहेत. कंद कुठून खणून आणता येतील?
– एक वाचक, रेजायना

उत्तर : लिलीचा कंद खणण्याचा विचार सोडून द्या. ती १९४१ पासून सस्कॅचेवानचे प्रांतपुष्प आहे आणि ती तोडणे वा उपटणे यास कायद्याने मनाई आहे. देशी झाडे बियांपासून वाढवणाऱ्या रोपवाटिकेतून तिचे रोप घ्यावे. बियांपासून फुलापर्यंत कित्येक वर्षे जातात, त्यामुळे मोठे रोप घेण्यातच शहाणपण आहे. फुलून गेल्यावर पाने आपणहून पिवळी पडेपर्यंत दांडी कापू नये, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांवरच पोसला जातो.

पेंटब्रश अर्धपरोपजीवी आहे. त्याची पाने हिरवी असतात, पण मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यांतून पाणी व क्षार घेतात. चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावण्याचे जे कारण, तेच येथे लागू पडते. म्हणून कुंडीत एकटे वाढवलेले पेंटब्रश लवकर मरते आणि रानातून उपटलेले तर हमखास मरते. शरदात ब्लू ग्रामाच्या रुजलेल्या झुबक्याच्या बुडाशी माती किंचित खरवडून त्याचे बी टाकावे आणि पुढे तेथे खणू नये. पहिल्या उन्हाळ्यात गवतात चार-सहा अरुंद पाने दिसली तर तण समजून उपटू नका. फूल सहसा दुसऱ्या वर्षी येते.