स्क्रॅच केलं की स्क्रेप?

प्रश्न : ‘स्क्रॅच’ आणि ‘स्क्रेप’ या दोन्ही क्रियापदांचा अर्थ शब्दकोशात ‘खरवडणे, ओरखडणे’ असाच सापडतो. गाडी भिंतीला घासली किंवा गुडघा खरचटला, तर यातलं कोणतं वापरायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी कशाने घासलं ते बघा. टोकदार वस्तूने बारीक रेघ उठली तर स्क्रॅच : नख, काटा, खिळा, मांजराचा पंजा. एखाद्या कडेने किंवा खडबडीत पृष्ठभागाने घासून वरचा थर निघाला तर स्क्रेप. म्हणून किल्लीने कुणी गाडीवर रेघ ओढली तर ‘समवन स्क्रॅच्ड माय कार’. गाडी भिंतीला घासत गेली तर ‘आय स्क्रेप्ड द कार अगेन्स्ट द वॉल’. कशावर घासलं ते सांगताना ‘अगेन्स्ट’ किंवा ‘ऑन’ हवंच. ते गाळून ‘आय स्क्रेप्ड द वॉल’ म्हटलंत, तर तुम्ही पत्रा घेऊन भिंतीचा जुना रंग खरवडत बसला होतात, असाही अर्थ निघतो.

खरी गंमत नॉनस्टिक तव्यावर. ‘डोन्ट स्क्रेप द पॅन विथ अ स्टील स्पॅच्युला, यू विल स्क्रॅच इट.’ कालथ्याने करपलेलं खरवडणं हे स्क्रेप, त्यातून तव्यावर उठणारे चरे हे स्क्रॅच. दोन्ही एकाच वेळी घडतात, तरी शब्दांची अदलाबदल करता येत नाही. हेतुपुरस्सर थर काढायचा असेल, तर ‘स्क्रेप’ला बहुधा ‘ऑफ’ किंवा ‘आउट’ जोडतात : ‘स्क्रेप द पेंट ऑफ’, ‘स्क्रेप आउट द बाउल’.

अंगाच्या बाबतीत आपली अडचण अशी, की ‘खरचटलं’ दोन्हीला चालतं. बोरीच्या काट्याने खरचटलं तर स्क्रॅच. डांबरी रस्त्यावर आपटून गुडघ्याचं साल निघालं तर स्क्रेप. ब्रिटनमध्ये यालाच ‘ग्रेझ’ही म्हणतात. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलताना हा फरक जपा. ‘द डॉग स्क्रॅच्ड मी’ म्हटलं की कुत्र्याची नखं लागली असं समजून रेबीजच्या लशीचा विचार होतो. ‘आय स्क्रेप्ड माय नी’ला बहुतेक वेळा जखम धुऊन पट्टी.

खाजवणं मात्र कायम स्क्रॅच. ‘इच’ म्हणजे खाज सुटणं, त्यामुळे प्रमाण इंग्रजीत ‘आय इच्ड माय हँड’ चुकीचं धरतात.

प्रश्न : मग ‘फ्रॉम स्क्रॅच’ आणि ‘स्क्रेप्ड थ्रू’ यांचं काय?
— त्याच पत्रातून

उत्तर : शर्यत सुरू करायला जमिनीवर ओढलेली रेघ म्हणजे ‘स्क्रॅच’. तिथून ‘फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे अगदी पहिल्यापासून. ‘शी स्क्रेप्ड थ्रू द एक्झाम’ म्हणजे काठावर पास झाली. लिहिताना एवढं सांभाळा : ‘स्क्रेप’च्या भूतकाळात ‘पी’ एकच. दोन ‘पी’ आले की ते ‘स्क्रॅप’चं रूप, म्हणजे मोडीत काढणं. ‘योजना गुंडाळली’ असं साहेबांना कळवताना नेमका तोच एक ‘पी’ गळतो आणि योजना खरवडली जाते.