होम डिझाइन सॉफ्टवेअरवर घराच्या बांधकामाचा प्लॅन स्वतः काढायचा असेल तर काय लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की सिंहगड रोडच्या बाजूला दोन गुंठे जागा आहे, खाली-वर असं घर बांधायचंय, प्लॅन स्वतः काढायचाय, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, टिप्स काय आणि तीच फाइल ठेकेदाराला देता येईल का. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो, त्याने फार फरक पडत नाही. आधी जिना. इथली बाकीची उत्तरं वाचली, सगळे किचन आणि रंगांवर बोलतायत, जिन्यावर एक ओळ नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं घर धायरीत, वडिलांनी घेतलेल्या दीड गुंठ्यावर. मी भोसरीत टूलरूमला आहे, दिवसभर ड्रॉइंगचंच काम, त्यामुळे घराचा प्लॅन मी काढायचा हे ठरलेलंच होतं. पैसे आणि ठेकेदार दादाकडे. तीन महिने रोज रात्री जेवण झाल्यावर बसायचो. घरच्यांना दाखवायला स्वीट होम थ्रीडी, आणि मापाचं खरं ड्रॉइंग लिब्रेकॅडमध्ये. आईचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते, म्हणून तिला कुठला जिना झेपतो ते मी टेप घेऊन मोजत फिरलो. भाड्याने राहायचो त्या बिल्डिंगची पायरी साडेसात इंच, तिथे ती प्रत्येक मजल्यावर थांबायची. मामाकडची पावणेसात, तिथे ती गप्पा मारत वर जाते. तर आमच्या जिन्याला मी १८ पायऱ्या धरल्या. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट म्हणजे १२० इंच, भागिले १८, पायरीची उंची ६.६७ इंच. ९ अधिक ९, मध्ये लँडिंग. सेक्शन, म्हणजे जिन्याचा उभा छेद, काढला, प्रत्येक पायरीवर माप टाकलं, डेक्कनला जाऊन मोठी प्रिंट काढली आणि साइटवरच्या शेडमध्ये लावून आलो.

प्लिंथ (जोतं) झाला, कॉलम उभे राहिले, आणि मला कंपनीच्या कामाने पंधरा दिवस चेन्नईला जावं लागलं. त्या पंधरा दिवसांत शेजारच्यांनी दादाला सांगितलं की अकरा फूट उंची ठेवा, उन्हाळ्यात बरं पडतं. सांगण्यात चूक काही नव्हती, उंची वाढवायलाही माझी ना नव्हती. पण दादाने ठेकेदाराला तोंडी सांगितलं, ठेकेदाराने मिस्त्रीला तोंडी सांगितलं, आणि मी परत आलो तेव्हा वरच्या स्लॅबचं सेंटरिंग लागून जिना भरूनही झाला होता. पायऱ्या मात्र प्रिंटवरच्या १८ च. १३२ भागिले १८ किती? ७.३३. म्हणजे जवळजवळ आमच्या जुन्या भाड्याच्या बिल्डिंगचाच जिना.

मला एक फोन केला असता तर मी चेन्नईहून पाच मिनिटांत सांगितलं असतं की १८ च्या २० पायऱ्या करा, १३२ भागिले २० म्हणजे ६.६, माझ्या मापापेक्षाही सोपी पायरी. प्रत्येक बाजूला एक ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची आडवी जागा, वाढला असता, १० इंच. समोरचा पॅसेज साडेचार फुटांचा होता, त्यातले १० इंच गेले असते तरी तीन फूट आठ इंच उरत होता. सगळं बसत होतं. आई आज गच्चीवर जात नाही. कुरडया, पापड खालच्या पोर्चमध्ये वाळत घालते, ऊन सरकेल तशी चटई सरकवते. आणि दादा आजही चारचौघांत म्हणतो की कॉम्प्युटरवरचा प्लॅन वेगळा आणि साइट वेगळी, याच्या प्लॅनमध्ये जिना चुकला.

प्लॅनमध्ये जिना चुकला नव्हता. साइट बदलली आणि प्लॅन बदलला नाही, चूक ती आहे, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होईल. म्हणून माझी पहिली टिप हीच की साइटवर एक इंचही बदलायचा असेल तर आधी फाइलमध्ये बदला, प्रिंटच्या कोपऱ्यात तारीख आणि आर १, आर २ (पहिला बदल, दुसरा बदल) असं लिहा, नवीन प्रिंट लावायच्या आधी जुनी साइटवरून काढून घरी आणा. मिस्त्री लोकांना प्लॅन वाचता येत नाही असं कोणी म्हणत असेल तर साफ खोटं आहे, आमच्या मिस्त्रीने प्रिंटवर दिसल्या तेवढ्या पायऱ्या बरोबर केल्या.

आता सॉफ्टवेअरशी याचा संबंध काय, तर स्वीट होमसारख्या प्रोग्रॅममध्ये जिना हा सोफा-कपाटासारखा उचलून ठेवायची वस्तू असतो. ताणला की ताणतो, पायरी साडेसहा इंच झाली का नऊ इंच झाली हे सांगत नाही. थ्रीडीत सगळेच जिने चांगले दिसतात. त्यामुळे जिन्याचा सेक्शन वेगळा काढा, कागदावर हाताने काढलात तरी चालेल. उंची इंचात, भागिले पायऱ्या, आणि ट्रेडची संख्या पायऱ्यांच्या चढांपेक्षा प्रत्येक फ्लाइटला (लँडिंगपर्यंतच्या एका टप्प्याला) एकने कमी, हे पहिल्यांदा करणारे हमखास विसरतात.

भिंतींचंही तसंच. स्वीट होममध्ये नवीन भिंतीची जाडी आपोआप साडेसात सेंटिमीटर येते. आपली विटेची बाहेरची भिंत नऊ इंच, म्हणजे २३० मिलिमीटर, आतली साडेचार इंच, वर दोन्ही बाजूंनी प्लास्टर. एएसी ब्लॉक (सिमेंटचे हलके ब्लॉक) लावणार असाल तर सहा इंची आणि चार इंची. सुरुवातीलाच जाडी बदलली नाहीत तर स्क्रीनवर मोठ्या दिसणाऱ्या खोल्या प्रत्यक्षात लहान होतात आणि मग बेडशेजारी कपाटाचं दार उघडत नाही. फर्निचरही लायब्ररीतलं घेऊ नका, तुमच्या घरातलं कपाट, फ्रिज, देवघर मोजा आणि तेवढे चौकोन काढा.

युनिट बघूनच सुरू करा. हे माझं स्वतःचं झालंय. युनिट दशांश फुटात होतं आणि मी किचनची रुंदी १०.१० टाईप केली, मनात दहा फूट दहा इंच. प्रोग्रॅमने घेतली १०.१ फूट, म्हणजे दहा फूट सव्वा इंच. जवळपास नऊ इंच गायब. प्रिंटवर ओट्याचं माप बसेना तेव्हा सापडलं, नाहीतर लाईनआऊटला, म्हणजे जागेवर भिंतींच्या रेषा आखताना, तेच पडलं असतं. तेव्हापासून मी घराचं ड्रॉइंगसुद्धा मिलिमीटरमध्येच करतो आणि मिस्त्रीसाठी शेजारी फूट-इंच लिहितो. आणि प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद करा, १:५० किंवा १:१०० असं स्केल सांगून काढा, मग एखाद्या भिंतीवर पट्टी ठेवून खात्री करा.

प्लॉटचा आकार सातबाऱ्यावरच्या क्षेत्रफळावरून धरू नका. चार बाजू आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. आमची समोरची बाजू मागच्यापेक्षा सात इंच कमी निघाली. कर्ण घेतले नाहीत तर स्क्रीनवर काटकोन दिसतो आणि जागेवर नसतो. मोजणीचा नकाशा असेल तर तो इमेज म्हणून आत घेऊन त्याच्या स्केलवर बसवता येतो, आधी तो बसवा मग घर काढा.

बीम थ्रीडीत दिसत नाहीत हेही सांगून ठेवतो. हॉलच्या मधोमध बीम खाली उतरल्यावर मग चर्चा करण्यात अर्थ नसतो, आरसीसीवाल्याकडून (स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून) बीम-कॉलमच्या जागा घ्या आणि तुमच्या ड्रॉइंगवर टाका.

तर कुठलं सॉफ्टवेअर: घरच्यांना कळण्यासाठी स्वीट होम, मापासाठी लिब्रेकॅड, दोन्ही फुकट आहेत. स्केचअप येत असेल तर ते घ्या. नुसतं नवीन शिकायचं म्हणून ऑटोकॅडला पैसे घालू नका.

ठेकेदाराला तीच फाइल द्यायचं म्हणाल तर नाही. मंजुरीचा नकाशा आर्किटेक्ट, इंजिनिअर अशा परवानाधारक माणसाच्याच सहीने जातो, स्टीलचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यायचं, यात काटकसर करायची नाही. मार्जिन, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, किती सोडायचं हे शेजारच्या जुन्या घराकडे बघून ठरवू नका, २०२० च्या डिसेंबरला यूडीसीपीआर ही राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली त्यानंतर नियम बदललेत. तुमची फाइल आर्किटेक्टसमोर ठेवायची, म्हणजे तो तुमचं घर काढतो, स्वतःच्या सवयीचं काढत नाही. मंजूर झाल्यावर जे बदल होतील ते त्यालाही कळवायचे, नुसते घरातल्या मोठ्या माणसाला विचारून करायचे नाहीत, तो कितीही पैसे घालत असला तरी.

घरात गुडघ्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर त्यांना कुठला जिना सोपा जातो ते या आठवड्यात मोजून या. फरशी ते फरशी उंची आणि पायऱ्यांची संख्या इथे टाका, सेक्शन मी काढून देतो.