आफ्रिकेतला शेंडीचा तितर आणि आपल्या धुऱ्यावरचा

प्रश्न : आफ्रिकेच्या जंगलावरच्या कार्यक्रमात शेपूट उभारून पळणारा तितरासारखा पक्षी पाहिला. तो आपलाच तितर काय? आणि धुऱ्यावर सापडलेली तितराची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवली तर चालतात काय?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : वर्णनावरून तो क्रेस्टेड फ्रँकोलिन असावा. इथिओपिया-सोमालियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत काटेरी झुडपांत, नदीकाठच्या झाडीत तो राहतो. डोळ्यावर रुंद पांढरी भुवई, माथा काळपट, आणि बिचकला की माथ्यावरची पिसं शेंडीसारखी उभी. उडताना शेपूट काळी दिसते. आपल्या राखी तितराची तांबूस दिसते. पक्षी वेगळा, पण नातं जवळचं. शास्त्रज्ञ आता दोघांना ऑर्टिगॉर्निस या एकाच कुळीत धरतात. सवयीही जुळतात : नर-मादी जोडीनं ओरडतात, दाणे, कंद, वाळवी टिपतात, रात्री झाडावर बसतात. गंमत म्हणजे लावा दिसायला तितराचा धाकटा भाऊ वाटला, तरी तितर लाव्यापेक्षा कोंबडीच्या अधिक जवळचा.

तरीही अंडी कोंबडीखाली ठेवू नका. तितराची अंडी १८-१९ दिवसांत फुटतात, कोंबडीची २१ दिवसांत. एकदमच बसवली तर तितराची पिल्लं आधी निघून चालू लागतात, कोंबडी मात्र आपल्या अंड्यांवरून उठत नाही. धुऱ्यावरची अंडी आधीच काही दिवस उबलेली असली तर फरक आणखी वाढतो. पिल्लांना सुरुवातीला मुंग्या, वाळवी, बारीक किडे लागतात; नुसत्या कण्यांवर ती जगत नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तितराची अंडी उचलणं हा गुन्हाच आहे.

करण्यासारखं एवढंच : घरट्याभोवती दोन-तीन हात गवत उभं ठेवा आणि पुन्हा पुन्हा डोकावू नका. मादी उठून गेली की कावळा आणि मुंगूस अंडी साधतात. उन्हाळ्यात धुरे पेटवण्याआधी तर बघाच, ऐन विणीत आग लागते ती तिथंच. कवचं बोथट टोकाकडून टोपण काढल्यासारखी गोल कापलेली दिसली, तर पिल्लं सुखरूप निघाली. चुरडलेली असली तर कोणी खाल्ली. पिल्लं निघाली तरी ती उडू लागेपर्यंत ते गवत विळ्यानंही कापू नका, काडीही लावू नका. उडता येईपर्यंत ती धोका दिसला की त्याच गवतात दबून बसतात, पळत नाहीत.