खालच्या दाढेच्या इंजेक्शननंतर घास अडकतो, श्वास कोंडतो असं का वाटतं?

तुम्ही लिहिलंय की रूट कॅनालनंतर अर्धी जीभ आणि ओठ बधिर झाले, पाणी ओघळलं, घास घशात अडकतोय, श्वास कोंडतोय असं वाटून घाबरायला झालं. मी डेंटिस्ट आहे, आणि अशी तक्रार सांगणारं माझ्या दवाखान्यात कोणी ना कोणी असतंच.

एक करा, आरशासमोर जीभ बाहेर काढा. सरळ येईल, कारण जीभ हलवणारी नस वेगळी आहे, तिला इंजेक्शनने काही होत नाही. गेलीय ती फक्त जाणीव. पण घास कुठल्या बाजूला आहे, किती बारीक झालाय, ही खबर मेंदूला तोंडाच्या आतल्या त्वचेकडून आणि दाताच्या मुळाभोवतीच्या पातळ पडद्यातल्या नसांकडून मिळते, भातातला एवढुसा खडा कचकन कळतो तो त्यांच्यामुळेच, आणि तीच खबर अर्धवट आली की गाल चावला जातो नि गिळायला धीर होत नाही. कवळीवाल्यांना तर मुळंच नसतात, वर टाळूही झाकलेला, त्यामुळे कवळी लावून बांगडा खाणाऱ्या आजोबांच्या घशात काटा जातो तो उगाच नाही.

आता श्वास. गिळताना तो क्षणभर थांबतोच, सगळ्यांचा, एरवी लक्ष नसतं आणि बधिर झाल्यावर माणूस प्रत्येक घोट मोजत बसतो. श्वासनलिकेच्या तोंडाशी जाणीव देणारी नस वेगळी, त्यामुळे पाणी चुकून तिकडे गेलंच तर ठसका लागणार. एंडोस्कोपीला, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासताना, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात तेव्हा मात्र ठसकाच मंदावतो, म्हणून स्प्रेचा असर उतरेपर्यंत पाणीही देत नाहीत. पॅरालिसिसचा झटका आलेल्यांमध्ये तर पाणी ठसक्याशिवाय फुप्फुसात जाऊ शकतं, घोट घेतल्यावर आवाज ओलसर, घरघरता झाला तर डॉक्टरांना सांगाच.

तुमचं साधारण दोन ते चार तासांत उतरेल. तोवर चावून खाऊ नका, गरम चहा नको, भाजलं तरी कळणार नाही. लहान मुलं तर गंमत म्हणून बधिर ओठ चघळत बसतात, दुसऱ्या दिवशी ओठ टम्म, वर पांढरा चट्टा, आणि आईबाप पू झाला म्हणून धावत येतात.

ओठ-चेहरा खरंच सुजायला लागला, अंगावर पित्त उठलं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला तर सरळ हॉस्पिटल गाठा. नुसता बधिरपणा उद्यापर्यंत राहिला तर ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना फोन करा.