एम.एस्सी. झालेली पोरगी पानं दळते म्हणून…

(रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आहे. मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन जळगावच्या एका खासगी माती-पान परीक्षण प्रयोगशाळेत लागली. काही महिन्यांपासून तिच्याकडे केळीची पानं धुऊन, वाळवून, दळून ‘घरचा संदर्भ नमुना’, म्हणजे यंत्राचे आकडे ताडून पाहायला प्रयोगशाळेतच बनवलेली पावडर, तयार करण्याचं काम आहे. ‘स्थळं येताहेत, लोकांना काय सांगू? नोकरी सोडायला लावून एमपीएससी करायला बसवू की बी.एड.?’ असं ते विचारतात.)

भाऊ, तुमचं पत्र चांगलं लांबलचक आहे. त्यात व्याही आहेत, पुतण्या आहे, शेजारी आहेत. मुलगी काय म्हणते, हे मात्र एका ओळीतही नाही. ती कंटाळली आहे का, राजीनामा द्यावा असं तिच्या मनात आहे का? तिची तक्रार असती तर तुम्ही ती आधी लिहिली असती. म्हणजे लाज तुम्हाला वाटते आहे, आणि त्या लाजेवर उपाय म्हणून मुलीची नोकरी जाणार. ‘बसवू’, ‘लावू’ ही भाषा पंचविशीतल्या पदवीधर मुलीसाठी मला खटकली.

एमपीएससी तिला द्यायची असेल तर जरूर द्यावी. शिकवायची आवड असेल तर बी.एड. करावं. दोन्हींसाठी कारण तिचं हवं.

आता पुतण्याचं म्हणणं: ‘असे नमुने तयार मिळतात, मालक पैसे वाचवायला पोरीकडून दळण काढतो.’ तयार मिळतात, हे खरं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमाप-मानकांच्या संस्थेची सफरचंदाच्या पानांची प्रमाणित पावडर, म्हणजे जिच्यात कोणतं मूलद्रव्य किती हे आधीच पक्कं ठाऊक आहे अशी, जगभर वापरली जाते. पण ती महाग, बाटली लहान, आणि पान सफरचंदाचं. ती रोज उधळत नाहीत. आपली पद्धत खरा आकडा देते का, हे अधूनमधून ताडून पाहायला वापरतात. रोजच्या तपासणीला आपल्याच पिकाची, भरपूर आणि एकसारखी पावडर लागते. घरचा नमुना प्रमाणित नमुन्याची जागा घेत नाही; कालचं यंत्र आणि आजचं यंत्र एकच बोलतंय का, एवढं तो सांगतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं २०१४ मध्ये याच कामासाठी गाइड ८० नावाची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली होती. हा काही जुगाड नव्हे.

आणि ‘दळणं’ म्हणजे काय, तेही ऐका. पानावरची धूळ नीट धुतली नाही तर लोहाचा आकडा फुगतो. स्टीलच्या पात्याची झीज पावडरीत उतरली तर लोह आणि क्रोमियम दोन्ही वाढतात. पानं ६५-७० अंशांवर वाळवायची, बारीक दळून चाळायची, सगळा ढीग एकजीव करून बाटल्यांत भरायचा. मग दहाएक बाटल्या चिठ्ठी टाकल्यासारख्या उचलून प्रत्येकीतून दोन-दोन नमुने तपासायचे. बाटली-बाटलीत फरक निघाला तर सगळा घाणा पुन्हा मिसळायचा. त्यानंतर वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) काढायचं, त्यांचा नियंत्रण तक्ता आखायचा, पावडर महिनोन्‌महिने टिकते का ते पाहायचं. पुढे शेतकऱ्यांच्या नमुन्यांच्या प्रत्येक खेपेत ही पावडर घालतात. तिचा आकडा सरासरीपासून दोन विचलनांपलीकडे गेला तर सावध व्हायचं, तीनपलीकडे गेला तर अहवाल रोखायचे. व्यापाऱ्याच्या काट्यावर घड चढवण्याआधी तुम्ही माहितीतलं वजन ठेवून पाहता ना, तसंच. तुमच्या बागेच्या पोटॅशच्या अहवालावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुमच्या मुलीच्या बाटलीवर ठरतं.

काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करा. अशा प्रयोगशाळांत सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. शिवाय ती नुसती धुते-दळते आणि आकडेमोड दुसराच कोणी करतो, असं असेल तर वर्षभरात तिथून निघावं. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता आहे का, एकजिनसीपणाची चाचणी आणि नियंत्रण तक्ता तिच्या हातात आहे का, तिची सही कशावर असते, हे तिनं विचारून घ्यावं. संख्याशास्त्र कच्चं असेल तर आत्ताच पक्कं करावं. हे काम येणाऱ्या माणसाला अन्न तपासणी आणि औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागांची दारं उघडी असतात, आणि संदर्भ नमुने बनवणाऱ्या संस्थांना आयएसओ १७०३४ हे मानक लागू असल्यानं तिथंही अशीच माणसं लागतात.

स्थळांना सांगा, ‘गुणवत्ता नियंत्रणात आहे.’ तेवढ्यावर नाक मुरडणारं घर असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. आणि पुढचं पत्र मुलीला लिहू द्या.