दिवाळीची तारीख का सरकते?

प्रिय चिऊ,

काल झोपताना तू विचारलंस, "बाबा, दिवाळीची एकच तारीख का नाही ठरवून टाकत? ख्रिसमससारखी. हाफ टर्मच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीतली धरली तर शाळेतही जावं लागणार नाही." मी 'उद्या सांगतो' म्हणालो, कारण हे डोळे मिटता मिटता सांगण्यासारखं नव्हतं. आज २६ ऑक्टोबर २०२५, रविवार. इथे लंडनमध्ये हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली, पहाटे दोनाचा पुन्हा एक झाला आणि घराला एक तास जास्तीचा मिळाला. तो तास मी तुझ्या प्रश्नाला देतोय.

गेल्या सोमवारी नरक चतुर्दशी होती. तुला साडेसहाला उठवलं तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. आईने कोमट तेल लावलं, उटणं लावलं. कारीट इथे मिळत नाही म्हणून बाथरूमच्या दारात काकडीचा तुकडा ठेवला आणि तू तो टाचेखाली असा चिरडलास की बिया पार भिंतीपर्यंत गेल्या. आंघोळ झाली, पणती लागली, फराळाचं ताट झालं, तरी सूर्य यायचाच होता. तो आला साडेसातच्या सुमाराला. मग तू चकलीचा तुकडा तोंडात धरून शाळेत गेलीस.

आता त्याच्या आदल्या वर्षीचं आठव. २०२४ मध्ये हीच आंघोळ ३१ ऑक्टोबरला आली. तेव्हा तुला साडेपाचला उठवलं होतं आणि तू रडली होतीस. आम्ही काही जास्त कडक झालो नव्हतो. त्या वर्षी घड्याळं चार दिवस आधीच मागे गेली होती, त्यामुळे सूर्य घड्याळात सातच्या आतच उगवत होता. अभ्यंगस्नान सूर्योदयाच्या आधी करायचं असतं. घड्याळात किती वाजले हे त्या आंघोळीला ठाऊकच नसतं. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आपले महिने चंद्रावर चालतात. आश्विनातली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन, मग इंग्रजी तारीख कोणतीही असो. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणून दिवाळी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, यंदा २१ ऑक्टोबरला. अशीच मागे येत राहिली तर ती भर पावसात यायची. ते होऊ नये म्हणून साधारण तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालतात, तो अधिक मास. पुढच्या वर्षी ज्येष्ठ दोनदा येणार आहे, त्यामुळे दिवाळी एकदम ८ नोव्हेंबरला जाईल. तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीचा रमजान मात्र असा सावरून घेत नाहीत, म्हणून तो कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात. आणि संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती जानेवारीची १४ किंवा १५ तारीख सोडत नाही. तेव्हा आपले सगळेच सण सरकतात असंही नाही.

आता इथलं बघ. ख्रिसमस हलत नाही हे खरं, पण ईस्टर? २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, यंदा २० एप्रिलला, पुढच्या वर्षी ५ एप्रिलला. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे तुझ्या शाळेच्या सुट्ट्याही चंद्राला विचारूनच ठरतात! आणि तुझा हा प्रश्न इथल्या मोठ्या माणसांनाही पडला होता. १९२८ साली ब्रिटनच्या संसदेने ईस्टरचा रविवार एप्रिलमध्ये पक्का करण्याचा कायदा केला. तो कायदा आजही कायद्याच्या पुस्तकात आहे, पण अमलात कधीच आला नाही.

एक सण त्यांनी पक्का केला मात्र. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी व्हिट मंडे हा ख्रिस्ती सण यायचा, ईस्टरबरोबर तोही सरकायचा. १९७१ च्या कायद्याने ती सुट्टी मेच्या शेवटच्या सोमवारी बसवली. मी शेजारच्या आजोबांना विचारलं, ही सुट्टी कशाची? ते म्हणाले, "बँक हॉलिडे, बस." इंग्लंडच्या आठ सार्वजनिक सुट्ट्यांतली ही एक. सुट्टी टिकली, पण ती कशासाठी होती हे माणसं विसरली. दिवाळीचं असं झालेलं मला चालणार नाही, चिऊ. त्यापेक्षा तू एक दिवस चकली खात शाळेत गेलेली मला चालेल. शाळेकडे एका दिवसाची रजा मागता येते, पुढच्या वर्षी मी वेळेवर अर्ज करीन, हा माझा शब्द.

घड्याळाचं राहिलं. पेट्स वुडच्या रानात ते दगडी सूर्यघड्याळ तू पाहिलंस ना, ज्याची वेळ हिवाळ्यात चुकते? ते विल्यम विलेट यांच्या स्मरणार्थ आहे. घरं बांधणारा माणूस. सकाळी घोड्यावरून रपेट मारताना त्यांना दिसायचं, लख्ख ऊन पडलंय आणि घरोघरी पडदे ओढलेले. १९०७ साली त्यांनी पत्रक छापलं, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करा म्हणून. कुणी ऐकलं नाही. १९१५ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी, युद्धात कोळसा वाचवायला, सरकारने तेच केलं. ते सूर्यघड्याळ मुद्दाम उन्हाळ्याच्या वेळेला लावलेलं आहे.

साताऱ्याची आजी घड्याळ का बदलत नाही? कारण लंडनचा दिवस जूनमध्ये साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरात आठ तासही भरत नाहीत. तिच्याकडे हा फरक जेमतेम दोन-अडीच तासांचा. वाचवायला तिथे फारसं ऊनच जास्तीचं नसतं. तरी दर ऑक्टोबरात ती विचारते, "तुमचं घड्याळ बदललं का रे?" कारण फोन करायची वेळ बदलते. कालपर्यंत ती आपल्या साडेचार तास पुढे होती, आजपासून साडेपाच.

आजीकडे किती वाजले ते काढायला तुझ्या आजोबांनी मला एक युक्ती शिकवली होती. टेबलावर माझं काट्यांचं घड्याळ ठेवलंय. ते उलटं धर, सहाचा आकडा वर करून, आणि आकडे न बघता नुसते काटे वाच. तासकाटा अर्धं घर पुढे दिसेल, तेवढं सोडून दे. हे फक्त हिवाळ्यातच जमतं, मार्चचा शेवटचा रविवार आला की बंद.

आत्ता इथे साडेदहा झालेत. उलटं धरलं की चार. आजीचा चहा झाला असेल. तिने पाठवलेल्या कालनिर्णयमध्ये या महिन्याची अमावास्या शोध आणि तिला फोन लावून सांग, काकडीचं काय झालं ते.

तुझा बाबा